मुठीतली सुपारी सोडवायला वेळ ठेवा

लग्नात रडण्याची जागा ठरलेली असते. ओटी भरून झाली, मुलगी आईच्या गळ्यात पडली की मांडवातल्या प्रत्येकाला कळतं, आता डोळे पुसायचे. बँडवालाही ओळखतो, सूर बदलतो. मीही ओळखते, म्हणून लांबची लेन्स लावून चार पावलं मागे सरते. त्या क्षणी कुणाच्या तोंडाजवळ कॅमेरा नेणं मला पटत नाही, आणि फोटोसाठी त्याची गरजही पडत नाही. सगळं समोरच घडत असतं.

हसण्याचं तसं नाही. हसण्याला मुहूर्त नसतो. मुंडावळी नाकावर येते, गुरुजी नवरदेवाच्या गोत्रात अडखळतात, फेट्याचा शेमला करवलीच्या बांगडीत अडकतो, आणि दोघं एकमेकांकडे बघून खुदकन हसतात. अर्धा सेकंद. मग पुन्हा दोघांचे चेहरे गंभीर, कारण आजूबाजूला दोन्हीकडची वडीलधारी उभी. नाशिकमध्ये आणि आसपासच्या तालुक्यांत मी इतकी लग्नं केली, त्यात माझी सगळी मेहनत या अर्ध्या सेकंदासाठी असते. बाकीचा दिवस त्याची तयारी.

तुळशीचं लग्न लागलं की आमचा हंगाम सुरू होतो, आषाढाच्या तोंडाशी थांबतो, आणि चातुर्मास अल्बमांच्या कामात जातो. शहरातली लग्नं गंगापूर रोडच्या आणि आडगावकडच्या लॉन्सवर, नाहीतर गावठाणातल्या जुन्या मंगल कार्यालयांत. पण निफाड, दिंडोरी, पिंपळगाव बसवंत या द्राक्षपट्ट्यातल्या लग्नांचं गणित वेगळं असतं. जानेवारीपासून माल निघायला लागतो, एप्रिलपर्यंत चालतो. व्यापाऱ्याकडून पैसे हातात पडायचे असतात, आणि बाग खाली झाली की खरड छाटणी वाट बघत असते. अनेक घरांत लग्न बसतं ते या मधल्या फटीत. तिथल्या नवरदेवाचे मी आधी हात बघते. कोपरापर्यंत मेंदी आणि तळव्याला छाटणीच्या कात्रीचे घट्टे. अंगठ्याच्या बुडाशी एक जाड, पिवळसर कडा असते. मेंदी तिथे रंगत नाही, नुसती सांडल्यासारखी दिसते. अल्बमची निवड करायला आलेल्या एका सासूबाई मला म्हणाल्या, "ताई, याचे हात जरा उजळ करता येतील का हो?" मी काही बोलायच्या आत सूनबाईच म्हणाल्या, "राहू द्या ना आई. ओळखू तरी येतील." दोघी हसल्या. हात तसेच छापले.

लग्नाचे विधी पाठ असल्याशिवाय हे काम होत नाही, असं माझं ठाम मत आहे. नवीन मुलं माझ्याकडे शिकायला येतात तेव्हा कॅमेरा त्यांना बरा येत असतो. कुठल्या विधीनंतर काय येतं आणि कोण कुठे उभं राहतं, हे मात्र माहीत नसतं. बहुतेक गुरुजी नवरा-नवरीला पूर्व-पश्चिम असं समोरासमोर उभं करतात, आणि अंतरपाट ओढला जातो उत्तरेकडे. म्हणजे उत्तरेला उभं राहिलं तर ऐन वेळी पुढ्यात कापडच येणार. मी दक्षिणेची बाजू धरते, आणि माझा जोडीदार नवरदेवाच्या मागून नवरीचा चेहरा धरतो. शेवटच्या मंगलाष्टकानंतर "तदेव लग्नं सुदिनं तदेव" सुरू झालं की शटर सेकंदाच्या पाचशेव्या भागावर नेते, कारण अक्षता हवेत थांबलेल्या दिसायला हव्यात. हे सगळं ठरलेलं असलं, की मग डोळे मोकळे राहतात. मग मामाचा चेहरा दिसतो. मामा भाचीच्या पाठीशी उभा असतो; तिला तो दिसत नाही, त्याला तिचा चेहरा दिसत नाही, आणि सगळा मांडव बघत असतो नवरा-नवरीकडे. त्या दोन मिनिटांत मामाचा चेहरा पाहणारी मी बहुतेक एकटीच असते. तो चेहरा मी कधीच सोडत नाही.

बाई असल्याचा मला एक फायदा झाला, तो गौरीहराच्या खोलीत. मंगल कार्यालयातली ती कोपऱ्यातली खोली, पाटावर अन्नपूर्णा, समोर पिवळ्या साडीतली नवरी, आणि बाहेर कल्लोळ. अख्ख्या लग्नात मुलगी एकटी असते ती एवढीच. काही मुली तिथे डोळे मिटून बसतात, काही मोबाइल बघतात, एक तर तांदूळ वाहता वाहता पेंगत होती, पहाटे तीनला उठवलेलं. मी तिथे फ्लॅश मारत नाही. खिडकीचा जो असेल तो उजेड.

एकदा अशाच खोलीत धाकटा भाऊ दबकत आला. शेरवानीच्या खिशात कागदी रुमाल, त्यात बटाटेवडा. "घे पटकन. मुहूर्ताला अजून पाऊण तास आहे, आईला सांगणार नाही." तिचा उपास. तिने त्याच्याकडे पाहिलं, अन्नपूर्णेकडे पाहिलं, आणि इतकी हसली की मुंडावळ्यांचे मोती गालावर आपटत राहिले. वडा तिने खाल्ला नाही. भावाने तिथेच, देवीकडे पाठ करून, उभ्याने खाल्ला. पाठवणीच्या वेळी हाच मुलगा कुणाला दिसेना; पार्किंगमध्ये गाडीच्या डिकीत बॅगा लावत होता, लावलेल्या बॅगा पुन्हा काढून पुन्हा लावत होता. तिच्या अल्बममध्ये मी हे दोन्ही फोटो समोरासमोरच्या पानांवर ठेवले. खाली ओळ लिहायची गरज नव्हती.

आता प्रीवेडिंगविषयी. त्याला नाव ठेवणाऱ्यांतली मी नाही. लग्नाआधी दोघांना निवांत अर्धा दिवस मिळतो, हेच मोठं आहे. पण पोझांची यादी घेऊन येणारी जोडपी पाहिली की जीव तुटतो. कपाळाला कपाळ लावा, तिला उचलून गोल फिरवा, धूर सोडा, ड्रोन वर न्या. (ड्रोनचं तर नाशिकमध्ये आधी नकाशा बघूनच बोलावं. देवळालीला तोफखान्याचा परिसर, ओझरला विमानतळ, नाशिकरोडला नोटांचा छापखाना. वाटेल तिथे तो उडवायचा नसतो.) गंगापूर धरणाच्या मागच्या पाण्यावर मावळतीचा उजेड सुंदर पडतो, द्राक्षाचे मळे फोटोत छानच दिसतात, याबद्दल वाद नाही. पण जागा कितीही सुंदर असली तरी हसू तिथून येत नाही.

पंचवटीतला एक मुलगा होता, नवरी अकोल्याची. सकाळी लवकर गोदाघाटावर आलो, गर्दी व्हायच्या आत. मुलगा इतका अवघडलेला की हात कुठे ठेवायचे हेच त्याला कळेना. मी कॅमेरा खाली घेतला आणि म्हटलं, चला, थोडं फिरू. रामकुंडाच्या पुढे आलो तशी ती म्हणाली, "या मारुतीला दोन तोंडं का?" झालं. मुलाच्या अंगात कुठून वारं आलं कोण जाणे. हा आमचा दुतोंड्या मारुती म्हणे. पावसाळ्यात धरणातून पाणी सोडलं की सगळं नाशिक एकमेकांना एकच प्रश्न विचारतं, मारुती कुठवर बुडाला? किती क्युसेक सोडलं ते पेपरात येतं, पण आमच्या घरी ते कुणी वाचत नाही. त्याने स्वतःच्या गुडघ्याला हात लावला, "एवढं पाणी म्हणजे काही नाही, चहा घ्यायचा." कमरेला हात, "इथवर आलं की पप्पा बाइकवरून बघून येतात." छातीला, "आता मामाचा फोन." गळ्याला हात लावून तो थांबला. ती म्हणाली, "आणि त्याच्याही वर?" आणि तिने आपला तळहात आडवा करून त्याच्या डोक्यावर धरला. "मग सराफ बाजारात पाणी," तो म्हणाला, "मग आवरा दुकानं!" ती पायऱ्यांवर बसलीच हसत हसत.

त्याचा हात स्वतःच्या गळ्याशी, तिचा आडवा हात त्याच्या डोक्यावर, मागे शेंदरी मारुती. लग्नात कार्यालयाच्या दारातल्या स्वागताच्या फलकावर दोघांनी हाच फोटो लावला. नाशिककर पाहुणे तो बघून लगेच हसत होते आणि अकोल्याकडच्या पाहुण्यांना समजावून सांगत होते. दोन्हीकडच्या लोकांची ओळख तिथे फलकापाशीच झाली. शूट संपल्यावर आम्ही मिसळ खायला गेलो. तर्रीने दोघांची नाकं वाहायला लागली, तेव्हाही काही चांगले फोटो झाले.

पांडवलेणीच्या पायथ्याशी दादासाहेब फाळक्यांचं स्मारक आहे. फाळके आमच्या त्र्यंबकेश्वरचे, जन्म १८७० चा. सिनेमाकडे वळण्याआधी त्यांनी गोध्र्याला फोटो स्टुडिओ चालवला होता, म्हणजे आमच्याच धंद्यातले. त्यांनी पुढे एक करामत केली: कुंडीत वाटाणा लावला आणि त्याला कोंब फुटून वेल वर चढेपर्यंत रोज थोडं थोडं चित्रण करत राहिले. ती छोटीशी फिल्म दाखवून त्यांनी पहिल्या चित्रपटासाठी पैसा उभा केला. शिकायला आलेल्या मुलांना मी हे आवर्जून सांगते. आजकाल बटण दाबून धरलं की सेकंदाला वीस फोटो निघतात, आणि मुलांना वाटतं त्यातला एखादा लागेलच. लागतो कधी कधी. पण माणूस हसायच्या आधी त्याच्या चेहऱ्यात काहीतरी हलतं. भुवई सैल होते, खांदे जरासे खाली येतात. ते ओळखायला माणसाकडे बघत बसावं लागतं. नुसतं. काही न करता. वाटाण्याकडे बघत बसणाऱ्या त्या माणसाचा चिवटपणा मला रोज लागतो.

आणि आता मला जे मुळात सांगायचंय ते.

दोघांनी एकमेकांसोबत मजा करावी म्हणून आपल्या लग्नात पूर्वीपासून एक अख्खा कार्यक्रम होता. नवरीने मुठीत सुपारी घट्ट धरायची, नवऱ्याने ती एका हाताने सोडवायची. मग उलटं, आणि नवरीला दोन्ही हात वापरायची मुभा. हातात बांधलेलं हळकुंडाचं कंकण एका हाताने सोडायचं, ज्याच्या गाठी करवल्यांनी मुद्दाम मारलेल्या. विड्याचं टोक एकाने दातात धरायचं आणि दुसऱ्याने तोडायचं. हळदीकुंकवाच्या पाण्यात परातीत अंगठी शोधायची. चूळ भरून एकमेकांच्या अंगावर टाकायची. आणि या सगळ्याच्या मधे मधे नाव घ्यायचं, जे घेतल्याशिवाय दारातलं माणूस आत येऊ देत नाही.

लोक म्हणतात, हे बालविवाहाच्या काळातलं. खरं आहे. शारदा कायदा आला १९२९ साली, आणि त्यानेही मुलीचं वय ठरवलं ते १४. त्याआधीच्या नवरा-नवरीला खेळच द्यावे लागत असणार. एकमेकांना कधी न पाहिलेली दोन लहान मुलं, त्यांची भीड मोडायची कशी? तो काळ गेला ते फार चांगलं झालं. आता दोघं वर्षभर फोनवर बोलतात, हिंडतात, मग लग्न करतात. मग सुपारी कशाला?

मी सांगते कशाला. एकमेकांना ओळखत असले तरी ही दोघं एकमेकांच्या घरच्यांसमोर कधी हसलेली नसतात. सासऱ्यांसमोर नवऱ्याचा हात पिरगाळायचा, आणि सासऱ्यांनी म्हणायचं "शाबास पोरी", ही गोष्ट हॉटेलात भेटून होत नाही. या खेळांत दोन्हीकडची माणसं भोवती कोंडाळं करून बसतात, बाजू घेतात, आरडाओरडा करतात. नवरीची बाजू घेणारी नणंद मला पहिल्यांदा तिथेच दिसते. माझ्याकडे असलेल्या हजारो फोटोंतून जोडप्यांचे सगळ्यात मोकळे चेहरे निवडायला बसले की निम्म्याहून जास्त या अर्ध्या-पाऊण तासातले निघतात. मेकअप उतरलेला, फेटा गेलेला, पाय दुखतायत, आणि चेहरे असे की बघत राहावं.

निफाडकडच्या एका घरातली परात आठवते. नवरी पुण्यात नोकरी केलेली इंजिनिअर, नवरदेव बागायतदार. मुलगी शेतकऱ्याच्या घरात येतेय याचं गावात फार अप्रूप होतं, कारण शेती करणाऱ्या मुलांची लग्नं जमणं किती अवघड झालंय हे आमच्या भागात कुणाला सांगावं लागत नाही. ओसरीवर परात मांडली. पाणी हळदीने इतकं गढूळ की बुडवलेली बोटं दिसत नव्हती. तीनदा अंगठी शोधायची. पहिली तिने काढली, दुसरी त्याने. तिसरीला गल्ली जमली, कारण जो जिंकेल त्याचं घरात चालणार म्हणतात. मी वरून, ओट्याच्या कडेला उभी राहून बघत होते. तिचे डोळे एकदम थांबले. सापडली. पण हात वर आला नाही. खांदा किंचित पुढे सरकला, आणि दुसऱ्याच क्षणी त्याचा चेहरा बदलला: आधी गोंधळ, मग कळलं, मग त्याने तिच्याकडे पाहिलं. पाण्याखाली तिने अंगठी त्याच्या बोटांत सरकवली होती. त्याने हात वर काढला, पोरांनी गलका केला, सासूबाईंनी लेकावरून कडाकडा बोटं मोडली. ती खाली मान घालून हसत होती. काय घडलं ते त्या गर्दीत तिघांनाच माहीत होतं. त्याने पाहिलं तो क्षण माझ्याकडे आहे. ८५ एमएमची लेन्स, ओसरीवरचा एक पिवळा बल्ब, फोटोला दाणे आलेत. मला त्याचं काही वाटत नाही.

हे सगळं हातचं का चाललंय? वेळ उरत नाही म्हणून. गावाकडे मुहूर्त बाराचा असतो, आणि बाराला माइकवर सत्कार सुरू असतात. टोपी, टॉवेल, शाल, मग पुढाऱ्यांचे आशीर्वाद, दोन शब्द, आणखी दोन शब्द. नवरी खोलीत उभी. शहरात स्टेजवर भेटायला येणाऱ्यांची रांग. शेकडो माणसं, प्रत्येकासोबत तोच हसरा चेहरा, तासाभराने ते हसू गालावर दुखायला लागतं. रात्री वरातीत मात्र ढोल चांगला घुमतो. नाशिकचा ढोल लागला की सासरेबुवाही हात वर करतात, तिथे माझी काही तक्रार नाही. पण वरात संपते, कार्यालय रिकामं करायची वेळ होते, आणि सगळ्यात आधी जे गाळलं जातं ते सुपारी आणि परात. "ते आता घरी करू," म्हणतात. घरी सगळे झोपतात.

म्हणून माझ्याकडे जोडपी ठरवायला येतात तेव्हा मी पॅकेजच्या आधी एक विचारते: सुपारी सोडायला वेळ ठेवलाय का? नसेल तर प्रीवेडिंगमधला एक तास कमी करा, पैसे कमी घेते, पण लग्नाच्या दिवशी तो तास मला द्या. काही घरं हसतात. काही ठेवतात. आणि काही घरांत एखादी आजी असते.

गेल्या हंगामात गंगापूर रोडच्या एका लॉनवर रात्री उशिरा अशी एक आजी भेटली. रिसेप्शन संपलं, केटरिंगवाले भांडी आवरत होते, मॅनेजर दोनदा येऊन गेला, "काका, लॉन रिकामं करायचंय." विहीणबाई म्हणाल्या, राहू द्या आता, सगळे दमलेत. आजींनी ऐकून घेतलं आणि नातवाला म्हणाल्या, "खुर्ची घे माझी. परात घे. बाहेर चल." पार्किंगच्या फरशीवर चटई पडली. दिवे बंद व्हायला लागले होते, तर चुलत भावांनी दोन गाड्या समोरासमोर लावून हेडलाइट सोडले. अंगठी झाली, विडा झाला, नावं घेऊन झाली, आवाज ऐकून गेटवरचा वॉचमन येऊन उभा राहिला. मग सुपारी. नवरीने मूठ अशी आवळली की नखं पांढरी. नवरदेव एका हाताने एकेक बोट उचलतोय, दुसरं उचललं की पहिलं मिटतंय, बहिणी ओरडतायत, आणि तेवढ्यात त्याचा डावा हात हळूच पुढे आला. आजींनी खुर्चीच्या हातावर थाप मारली. "खोटं! दोन हात लावले! पुन्हा!"

तो म्हणाला, "आजी, नाही लावला." सगळे माझ्याकडे वळले. मी कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर फोटो मोठा करून आजींना दाखवला. डावा हात स्पष्ट होता. आजींनी सुपारी परत नातसुनेच्या मुठीत ठेवली, तिची बोटं आपल्या हाताने एकेक करून मिटवली, नातवाचा डावा हात धरून त्याच्या पाठीमागे नेला आणि वॉचमनच्या हातात दिला.

"धरा हो हा घट्ट," म्हणाल्या. "हं. आता सोडव."